वाफ्यात उगवलेला ठिपक्यांचा दांडा कसला?

प्रश्न : नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, घरापुढं लहानसा फुलांचा वाफा आहे, मोगरा, गुलाब, थोडी अबोली असं. मागं पन्हाळ्याच्या बाजूची एक ट्रॉली तांबडी माती टाकून घेतली होती. आता जूनमध्ये पाऊस लागल्यावर मोगऱ्याच्या बुडाशी एक जाड दांडा वर आलाय, मधे फांदी नाही काही नाही, हिरव्यावर पांढरट चट्टे, हाताला खरखरीत, आणि वर जाऊन छत्रीसारखं सगळीकडं पसरलंय, चांगलं कमरेएवढं झालंय. गेल्या वर्षी पण आलं होतं, दिवाळीच्या सुमारास पिवळं पडून गायब झालं. मोबाईलच्या अ‍ॅपवर फोटो टाकला तर दर वेळी वेगळंच नाव येतं. शेजारच्या काकू म्हणतात हा सापकांदा, बघा की अंगावर सापाचीच नक्षी आहे, ह्याच्याजवळ साप येतात, उपटून टाका. सासूबाई म्हणतात असूदे, दिसायला झ्याक दिसतंय. (आणि मे महिन्यात वळीव पडला तेव्हा तिथंच उंदीर मेल्यागत वास मारत होता, आम्ही सगळी अडगळ काढून बघितली, काही सापडलं नाही, मोगऱ्याखाली नुसतं एक जांभळट भूछत्र होतं ते झाडून टाकलं. मातीच खराब आली असेल का?) काय करावं?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात घातलीय! उंदीर बिंदीर काही नव्हता आणि माती पण चांगली आहे. ते जे जांभळट भूछत्र तुम्ही झाडून टाकलंत ते ह्याच झाडाचं फूल होतं आणि वास त्याचाच होता. तुमच्या वाफ्यात सुरण आलाय, आणि दांडा इतका खरखरीत आहे म्हणजे तो रानातला सुरण, कारण लागवडीच्या सुरणाचा दांडा मानानं गुळगुळीत असतो.

ह्याचं वर्षाचं वेळापत्रकच उलटं आहे. आधी फूल, मग पान. कंद उन्हाळाभर जमिनीत झोपलेला असतो, वळवाचं पाणी लागलं की मातीलगतच फूल काढतो, बाहेरून मळकट जांभळा पसरट झगा आणि मधे वांगी रंगाचा सुरकुतलेला गड्डा, त्या गड्ड्याच्या खाली दांड्यावर बारीक बारीक खरी फुलं, खाली मादी फुलं आणि त्यांच्या वर नर फुलं. फुलायच्या वेळी तो मधला भाग चक्क गरम होतो, त्या उष्णतेनं सडक्या मांसाचा वास लांबवर जातो, माश्या आणि भुंगेरे फसून येतात आणि परागीभवन करून जातात. मादी फुलं आधी तयार होतात, नर मागाहून, म्हणजे स्वतःचाच पराग स्वतःला लागू नये. वास थोडाच वेळ टिकतो म्हणून तुम्ही अडगळ काढेपर्यंत तो गेलापण. ह्याचाच एक नातेवाईक इंडोनेशियात सुमात्रा बेटावर असतो, त्याचं फूल 3 मीटरच्या वर जातं, ते फुललं की बोटॅनिकल गार्डनबाहेर लोक रांगा लावून वास घ्यायला उभे राहतात, हौसेला मोल नाही.

आता जे कमरेएवढं उभं आहे ते झाड म्हणून आपण बघतो पण खरं तर ते सगळं मिळून एकच पान आहे. दांडा म्हणजे खोड नव्हे, पानाचा देठ. खोड म्हणाल तर खालचा कंद. म्हणून त्याला मधे फांदी नाही, आणि दिवाळीला ते पान पिवळं पडलं म्हणजे मेलं नव्हतं, कंद परत झोपला होता.

काकूंचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही हां. सापकांदा ह्याच कुळातला, आपल्याकडं आंबा घाटात, राधानगरीच्या बाजूला पावसाळ्यात भरपूर दिसतो. पण दांडा वर जाऊन पानाला कसा भिडतो ते बघा. आपल्याकडच्या सापकांद्यात पानाचे सगळे तुकडे एकाच ठिकाणाहून चहूबाजूंनी निघतात. सुरणाचा दांडा माथ्याशी तीन फाट्यांत फुटतो, ते फाटे परत फुटतात आणि त्यांच्या कडेनं पानाचे तुकडे लागत जातात. अ‍ॅप गोंधळलं ते ह्याचमुळं असणार, आपण फोटो वरून काढतो, त्यात नुसती हिरवी पानं दिसतात आणि जोड कुठंच दिसत नाही. एक फोटो दांड्याचा, एक त्या फाट्यांचा खालून, एक बुडाचा, असे काढा. कोकणात भाजीला खातात तो शेवळा पण ह्यांच्यातलाच, पण त्याचा दांडा गुळगुळीत आणि फूल लांब दांड्यावर वर येतं, तुमचं मातीला टेकून होतं, म्हणून तो नव्हे.

सापाचं म्हणाल तर ह्या झाडाच्या ओढीनं साप येत नाही. दाट पाला, बेडूक, उंदीर असतील तिथं येईल, ते मोगऱ्याखालीपण येईल. त्या चट्ट्यांबद्दल काही अभ्यासकांचं म्हणणं असं की मऊ देठ दगडफुलानं भरलेल्या जुन्या खोडासारखा दिसावा म्हणजे मोठी जनावरं त्याला धक्का देत नाहीत, हे मला तरी सापापेक्षा पटतं.

ठेवायचं का? माझं मत सासूबाईंच्या बाजूनं, पण घरात लहान पोरं असतील तर जरा विचार करा. पान, देठ, कंद सगळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात, तोंडात गेलं तर जीभ घसा खाजून सुजतो, रस हाताला लागला तरी खाज. उपटायचाच असेल तर दांडा ओढू नका, तो तुटून हातात येईल आणि कंद तिथंच राहील. हातमोजे घालून कुदळीनं बाजूनं उकरा, कंदाच्या अंगाला लागलेले छोटे कंद पण वेचा, नाहीतर पुढच्या वर्षी एकाचे चार होतील. आणि एकादशीला फुकटचा सुरण मिळाला म्हणून शिजवायला घेऊ नका! लक्ष्मीपुरीच्या मंडईतला सुरण चिंच नाहीतर आमसूल घालून आपण शिजवतो तो लागवडीचा, गजेंद्रसारख्या जाती तर मुद्दाम कमी खाजऱ्या म्हणून निवडलेल्या, रानातल्याची खाज चिंचेला पण आवरत नाही.

तरी शंका राहिली तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे, तिथं ते फोटो दाखवा.

प्रश्न : कॉसमॉसचं बी टाकलं होतं, त्यात काही रोपं तशीच दिसतात पण घरातले म्हणतात गाजर गवत आहे. फूल यायच्या आधी कसं ओळखायचं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : परत तेच, जोड बघा. कॉसमॉसची पानं खोडावर समोरासमोर जोडीनं येतात. गाजर गवताचं रोप आधी जमिनीला चिकटून गोल पसरतं, मग खोड वर येतं, त्याला उभ्या रेघा असतात आणि पानं एक इकडं एक तिकडं. दिसलं की पाणी घालून माती मऊ करून हातमोज्यानं मुळासकट काढा, अंगाला लागून पुरळ उठतं लोकांना. पांढरी फुलं यायची वाट बघू नका, एका झाडाला हजारो बिया होतात, 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज देशभर झालंय ते त्यामुळंच. आणि रस्त्याकडेच्या गाजर गवतावर पांढुरके, काळ्या वेड्यावाकड्या रेघांचे भुंगेरे पाला खाताना दिसले तर त्यांच्यावर औषध मारू नका, ते मेक्सिकोहून त्याच कामासाठी आणून 1984 मध्ये बेंगळुरूत सोडलेले आहेत.