पाचपैकी चार तारे

विश्रामबाग, सांगली

चि. पोरी,

मंगळवारी तू गेल्यावर तुझी काकू म्हणाली, "फारच बोललात तिला." बोललो खरा. पण तू लॅपटॉप उघडून विचारलंस काय, तर "काका, रेझ्युमेचा हा टेम्पलेट बरा की तो?" नोकरीसाठी तेवीस ठिकाणी अर्ज केलेस, एकाचंही उत्तर नाही, आणि पोरगी अडकलीय कशात, तर पट्टी निळी ठेवू की हिरवी. डोकं फिरणार नाही तर काय!

तुझा तो कॅनव्हा नावाच्या डिझाइनच्या साइटवरचा रेझ्युमे दिसायला देखणा आहे, नाही म्हणत नाही. गोलात फोटो, बाजूला पट्टी, हिशेबाच्या 'टॅली' सॉफ्टवेअरपुढे पाचपैकी चार तारे. पाचवा तारा कुठं गेला, असं मी विचारलं तर तू हसलीस. मी थट्टा करत नव्हतो. चार तारे म्हणजे जीएसटी रिटर्न भरता येतं, की नुसती व्हाउचर एन्ट्री? काय केलंस ते लिही. आणि ते 'स्पिअरहेडेड'! चॅटजीपीटीनं दिलं म्हणालीस. अर्थ विचारला तर हात मोबाइलकडे गेला. मुलाखतीत कुठं हात घालणार?

उलट चहा पिता पिता तू जे सहज बोलून गेलीस, ते मला अजून सुटत नाही. २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर, गणपती पेठेत तुमचं दुकान पाण्यात, उधारीच्या वह्यांचा लगदा. अकरावीतली तू. एकेक पान सुटं करून पंख्याखाली पेपरवर वाळत घातलंस, शाई फुटलेला आकडा दिसला की वडिलांना विचारलंस, आणि दिवाळीपर्यंत सगळी खाती एक्सेलमध्ये चढवलीस. त्याच शीटवर पुढं वसुली झाली. आणि रेझ्युमेत याची एक ओळ नाही! का, तर "ते घरचंच काम, काका."

अगं, मार्केट यार्डात हळदीचा सौदा होताना खरेदीदार पोत्याची शिलाई बघतो का? हात आत घालतो, हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो. तू हळद घरी ठेवून पोतं रंगवत बसलीस.

माझा राग तुझ्यावर कमी आणि १९९६ मधल्या एका माणसावर जास्त आहे. कुपवाडच्या एका कारखान्यात मी स्टोअरला होतो. बिन कार्डं, म्हणजे प्रत्येक मालाची आवक-जावक लिहायची कार्डं, नव्यानं लावली, दर महिन्याला स्टॉकमध्ये निघणारा फरक जवळजवळ संपवला. पुण्याच्या कंपनीची जाहिरात आली. बायोडाटा टायपिंगवाल्याकडून करून घेतला, मित्राचाच समोर ठेवून. 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग'. जन्मतारीख, जात, लग्न, उंची सगळं होतं. रास-गोत्र तेवढं राहिलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, स्टोअरमध्ये तुम्ही नक्की काय करता? मी म्हणालो, "सगळंच करतो, साहेब." संपलं. सगळंच करणाऱ्याला कोण घेतो? परतीच्या एसटीत कराडपर्यंत मनातल्या मनात बिन कार्डांचं उत्तर देत होतो. सांगलीत राहिलो याचं वाईट वाटत नाही. आई होती, घर होतं, आणि पुण्यात मी रमलो नसतोच. पण न जाणं आणि जाता न येणं यात फरक आहे, तो मला अजून टोचतो. म्हणून पुन्हा सांगतो, ऐकायचा कंटाळा आला तरी: काय केलंस ते लिही.

आता साधनांचं. त्यात एवढं अवघड काही नाही. गूगल डॉक्समध्ये रेझ्युमेचे तयार साचे फुकट आहेत. 'सेरिफ', 'स्विस' त्यातलेच. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो, तुला दहा मिनिटं लागतील. कॅनव्हाच हवं असेल तर मुकुटाचं चिन्ह असलेले साचे सोड, ते पैशाचे. परवा ज्या साइटवर तू दोन तास घालवलेस तिनं डाउनलोडच्या वेळी कार्ड नंबर मागितला, ते फुकट नव्हे. दोन रकाने, चौकटी, तारे, चित्रं काढून टाक. अनेक मोठ्या कंपन्यांत तुझा कागद माणसाआधी सॉफ्टवेअर चाळतं. दोन रकान्यांचा मजकूर ते कधी कधी आडवा वाचतं, म्हणजे तुझं शिक्षण टॅलीत शिरतं. पारखायचं कसं? पीडीएफ उघड, सगळा मजकूर कॉपी कर, नोटपॅडमध्ये चिकटव. तिथं ओळीनं वाचता आलं तर ठीक. काहीच उमटलं नाही तर तू मजकूर नाही, फोटो पाठवतेयस.

चॅटजीपीटीला व्याकरण तपासायला सांग, खुशाल. तुझं काम त्याला माहीत नाही, ते तूच सांगायचंस. 'मेहनती' लिहू नकोस. 'पुरात भिजलेली इतकी खाती इतक्या महिन्यांत एक्सेलमध्ये उभी केली' लिही, मेहनती आहेस हे वाचणाऱ्याला कळतं. फोटो काढून टाक, आधार नंबर तर आधी काढून टाक. तो कशाला घातलास गं?

रविवारी सकाळी ये, काकू पोहे करणार आहे. येताना नवा टेम्पलेट आणू नकोस. वडिलांना विचारून ये, वह्या किती होत्या आणि खाती किती. अंदाज नको, आकडा हवा.

तुझा काका