इंदूरजवळच्या तलावांत आणि नर्मदेत मरळ, पडीन, शिंगाळा, महाशीर या सगळ्यांसाठी कमीत कमी कोणते ल्युअर (कृत्रिम आमिषं) घ्यावेत?

चार प्रकार पुरतात. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: रोहू-कटला ल्युअरला सहसा लागत नाहीत, त्यांना कणकेचाच गोळा लागतो.

सगळ्यात जास्त भरवसा ३ इंची पॅडल-टेल (वल्ह्यासारख्या शेपटीच्या) रबरी माशावर ठेवा, ५ ते ७ ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे वजन जोडलेल्या गळावर. तळाशी टेकू द्या, मग हळू ओढा. शिंगाळा, पडीन दोन्ही घेतात. गळ रबराच्या बरोबर मध्यातून निघायला हवा. जरा तिरका बसला की ल्युअर पाण्यात गरगर फिरतो आणि मासा पाठ फिरवतो.

दुसरा, ७ ते १० ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचा ल्युअर. पाण्यात पडताच एक झटका द्या, नाहीतर पातं फिरतच नाही. पुढे स्विव्हल (फिरती कडी) लावलाच पाहिजे, नाहीतर दोरीला पीळ पडतो. वाहत्या पाण्यात तिसरा, १२-१४ ग्रॅमचा चमचा (चमच्याच्या आकाराचा धातूचा ल्युअर), लांब फेकता येतो. महाशीरसाठी त्याचा तिहेरी गळ काढून एकेरी, बिनकाट्याचा लावा आणि मासा पाण्यातच सोडा. तो मध्य प्रदेशाचा राज्य मासा आहे.

चौथा पोकळ रबरी बेडूक, फक्त मरळसाठी. यशवंत सागरसारख्या उथळ तलावांच्या काठच्या गवतात मरळ अशाच जागी दबा धरते. त्यासाठी ३० पाउंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली) दोरी हवी. पाणी उसळलं की लगेच झटका देऊ नका, दोरी ताणली जाईपर्यंत थांबा. बहुतेक मरळ इथेच सुटतात.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. एरवीही जागेची परवानगी आधी विचारून घ्या.