नंबरात चांदणी असलेली पाचशेची नोट

दुकानदाराने नोट परत केली, कारण नंबरात अक्षरांनंतर चांदणी (*) आहे. मग ती खोटी का, असा प्रश्न आहे. नाही. चांदणीने नोट खोटी ठरत नाही. बँकेत कॅशवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोटा सुट्या छापत नाहीत. मोठ्या शीटवर अनेक नोटा एकदम छापतात आणि नंबर टाकायचं काम अगदी शेवटी होतं. मग तपासणीत एखादी नोट बाद झाली की तिचा नंबरही गेला. ऑगस्ट २००६ पर्यंत कोऱ्या नोटा सलग नंबरांच्याच निघत, म्हणजे बाद नोटेच्या जागी त्याच नंबरची दुसरी छापणं आलं. एकेका नोटेसाठी एवढा खटाटोप! त्यावर रिझर्व्ह बँकेने तोडगा काढला: चांदणीच्या नोटा वेगळ्या छापून ठेवायच्या आणि बाद नोटेच्या जागी त्यातली एक घालायची. सुरुवात १०, २० आणि ५० रुपयांपासून झाली, पाचशेत ती २०१६ च्या नोटबंदीनंतर आली.

कोरं पाकीट, म्हणजे शंभर कोऱ्या नोटांचा गठ्ठा, आलं की कॅशियर पहिला आणि शेवटचा नंबर बघतो, शंभर जुळल्या की झालं. चांदणी असलेल्या पाकिटात ही युक्ती चालत नाही. नोटा शंभरच असतात, पण नंबर सलग नसतात. म्हणून पाकिटाच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. सुट्या नोटेला कुठली पट्टी? त्यामुळे दुकानदाराचा संशय मी समजू शकतो. २०२३ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला तो अशाच अफवांमुळे.

खरी परीक्षा बोटांनी करा. पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या रेघा आहेत, त्यांवर अंगठा फिरवा. त्या उठावदार लागतात, नोट जुनी झाली की थोड्या झिजतात. मग नोट तिरपी करा, सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो. उजवीकडे खाली छापलेला ५०० चा आकडाही तसाच. नुसत्या फोटोवरून ‘खरी आहे का’ विचारणाऱ्यांना म्हणूनच काही सांगता येत नाही.

आणि ‘चांदणीची नोट लाखाला घेतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, आधी ‘फी’ मागतात.

तरी धाकधूक असेल तर नोट खात्यात भरा. खोटी निघाली तर बँक ती जप्त करून पोच देते, पैसे मिळत नाहीत. खरी असेल तर चांदणीसकट जमा होते.