बोट घ्या, पण ऑगस्टचा हप्ता भरू नका

ठाण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देतो.

"माझं वय 46, आयटीत आहे. जुलैमध्ये आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं पूर्ण होतायत म्हणून आम्ही 16 जण मॉरिशसला चाललोय. आम्ही, ताईची फॅमिली आणि दोन काकांच्या फॅमिली. विमान, हॉटेल सगळं बुक आहे. एक दिवस बेटावर जायला प्रायव्हेट कॅटामरान बोट करावी असं मला वाटतं, कोटेशन 1 लाख 40 हजार आलंय. शेअरिंग बोटीत माणशी 5 हजार म्हणजे 80 हजारात होतं. बायकोच्या मते वरचे 60 हजार उधळपट्टी आहे. पैशाचं टेन्शन नाही, बाबांच्या एफडीतून काढता येतील. त्यांची रिटायरमेंटची 40 लाखांची एफडी होती, ती बँकेतल्या मॅडमनी गेल्या ऑगस्टमध्ये विम्याच्या गॅरंटीड इन्कम प्लॅनमध्ये वळवून दिली. वर्षाला 8 लाख असे 5 हप्ते. पहिला गेला, दुसरा 2 ऑगस्टला आहे. बाबा 73 चे असल्यामुळे पॉलिसी माझ्या नावावर काढली. सात वर्षांनी दरवर्षी 2 लाख 80 हजार सुरू होतील, म्हणजे 7 टक्के टॅक्स-फ्री, 15 वर्षं, आणि शेवटी 40 लाख परत. त्या पैशातून आईबाबांना दरवर्षी असंच फिरवायचं ठरवलंय. तर प्रायव्हेट घ्यावी की शेअरिंग?"

बोटीचं आधी सांगतो. प्रायव्हेट घ्या.

60 हजारांचा फरक चार घरांत वाटला तर प्रत्येकी 15 हजार होतात, आणि त्यात जे मिळतं ते तुमच्या ग्रुपला खरंच लागणारं आहे. शेअरिंगच्या बोटीवर तीस-पस्तीस माणसं असतात, गाणी मोठ्याने, वेळ त्यांची, बार्बेक्यूत चिकन आणि मासे, व्हेजवाल्यांच्या ताटात बऱ्याचदा सॅलड आणि ब्रेड. प्रायव्हेटमध्ये व्हेज जेवण वेगळं करून द्या असं आधी सांगता येतं आणि मुख्य म्हणजे आईंना मळमळायला लागलं तर बोट फिरवा म्हणता येतं, पस्तीस अनोळखी माणसांमध्ये ते म्हणता येत नाही.

फक्त रूट बघून घ्या. जुलै म्हणजे तिथला हिवाळा, आग्नेयेकडून येणारे वारे त्या महिन्यांत जोरात असतात. ग्रँड बे वरून उत्तरेला फ्लॅट आयलंड, गॅब्रिएल आयलंडला जाणारी ट्रिप दिसायला भारी आहे पण मध्ये उघडा समुद्र लागतो, सत्तरीच्या माणसांना तो नको. पूर्वेचं इल ओ सेर्फ सगळ्यांना माहीत असतं पण वारा त्याच बाजूने येतो. त्यापेक्षा पश्चिमेला ब्लॅक रिव्हरवरून निघून इल ओ बेनितिएला जा, तो किनारा आडोशाला आहे, पाणी शांत असतं, समोर ल मॉर्नचा डोंगर दिसतो. चढण्याउतरण्याचं नक्की विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी कॅटामरान किनाऱ्याला लागत नाही, डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, जाऊन शिडीने वर चढावं लागतं आणि बेटावर गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. जेट्टीवरून चढवणारा ऑपरेटर मिळाला तर दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. बोटीचं तिथल्या टुरिझम अथॉरिटीचं लायसन्स मागा, रेटमध्ये 15 टक्के व्हॅट धरलाय का विचारा, हवामानामुळे रद्द झालं तर पूर्ण रिफंड हे मेसेजवर लिहून घ्या आणि अ‍ॅडव्हान्स पाव हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. आईबाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स आधीचे आजार लिहून काढा, बीपी-शुगर लपवून काढलेला इन्शुरन्स क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. आणि चारही घरांचे पैसे अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी गोळा करा, आल्यावर हिशेब करू म्हणाल तर तो हिशेब दिवाळीपर्यंत होत नाही.

पण हे पैसे बाबांच्या एफडीतून काढायचे नाहीत. आणि खरं म्हणजे तुमचं पत्र वाचताना मी बोटीवर थांबलोच नाही, त्याच्या पुढच्या चार ओळींवर थांबलो.

बाबा आता 74 चे. पहिला हप्ता ते 73 चे असताना गेला. त्यात सात वर्षं मिळवा, पहिले 2 लाख 80 हजार हातात येतील तेव्हा ते 80 चे असतील. 15 वर्षं इन्कम आणि मग 40 लाख परत, म्हणजे मुद्दल येईल तेव्हा बाबा 94 चे. या पैशातून तुम्ही आईबाबांना दरवर्षी फिरवणार आहात. हे कॅलेंडर मॅडमनी तुमच्यासमोर मांडायला हवं होतं, त्यांनी मांडलं नाही, आणि तुम्हीपण बाबांचं वय त्यात घालून बघितलं नाहीत.

आता 7 टक्क्यांचं बघू. 2 लाख 80 हजार भागिले 40 लाख, बरोबर 7 येतात, पण हा परतावा नाही, हा नुसता भागाकार आहे. पैसे आज देताय, पुढची काही वर्षं एक रुपया येत नाही, त्या वर्षांचं व्याज कुठे गेलं? सगळे हप्ते आणि सगळे येणारे पैसे तारखेप्रमाणे मांडले की परतावा निघतो साधारण 5 टक्के. एक्सेलमध्ये एक्सआयआरआर हा तारखांवरून परतावा काढणारा फॉर्म्युला टाकून स्वतः बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि टॅक्स-फ्री हे तर सरळ खोटं आहे. 1 एप्रिल 2023 नंतर काढलेल्या पॉलिसींचा वर्षाचा प्रीमियम मिळून 5 लाखांच्या वर गेला तर मॅच्युरिटीच्या पैशाला टॅक्समाफी नाही, फक्त मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेला आहे. तुमचा प्रीमियम 8 लाख आहे. पॉलिसी तुमच्या नावावर म्हणजे टॅक्सही तुमच्या स्लॅबने, तुम्ही 30 टक्क्यांत. एकूण 82 लाख येणार, भरणार 40, वरच्या 42 लाखांवर टॅक्स गेला की हातात उरतो वर्षाला 4 टक्क्यांच्या आसपास परतावा, तोही एकवीस वर्षं अडकून. जो माणूस हा प्लॅन रोज विकतो त्याला 5 लाखांचा नियम माहीत नसतो यावर माझा विश्वास नाही.

शेजारच्याच काउंटरवर सरकारची सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम मिळते. सध्या 8.2 टक्के, एका माणसाला 30 लाखांपर्यंत, व्याज दर तिमाहीला खात्यात. 30 लाखांचे वर्षाला 2 लाख 46 हजार, तिमाहीला साडेएकसष्ट हजार, आजपासून, बाबा 80 चे होईपर्यंत थांबायचं नाही. हे इन्कम बाबांचं, त्यांची दुसरी मोठी कमाई नसेल तर टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये 12 लाखांपर्यंत रिबेट आहे, टॅक्स शून्य. आईंना जॉइंट होल्डर केलं तर बाबांच्या मागे खातं त्या पुढे चालवू शकतात. ही स्कीम मॅडमनी का नाही सुचवली? कारण त्यांच्या टार्गेटमध्ये ती धरत नाहीत, पहिल्या वर्षाचा विम्याचा हप्ता धरतात. राग त्या मॅडमचा कमी आणि त्यांना तसं वागायला लावणाऱ्या बँकेचा जास्त येतो मला, पण 73 वर्षांच्या माणसाची मोडलेली एफडी म्हणजे टार्गेट, हे मला कधीच पटणार नाही.

आता यापेक्षाही महत्त्वाचं. पैसे बाबांचे, पॉलिसी तुमच्या नावावर. म्हणजे गेलेले 8 लाख कायद्याने तुमचे झाले, बाबांनी तुम्हाला भेट दिल्यासारखे. पुढचे 32 लाखही असेच जाणार. पॉलिसीत नॉमिनी कोण हे तुम्ही लिहिलेलं नाही पण बहुतेक बायको असेल. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर 2015 पासूनच्या कायद्याप्रमाणे नॉमिनी बायकोच त्या रकमेची मालक धरली जाते, आईबाबांना त्यावर हक्क सांगायचा तर भांडावं लागेल. तुमची बायको त्यांना सांभाळेल, मला त्यांच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, पण स्वतःच्या आयुष्यभराच्या कमाईसाठी बाबांना सुनेकडे बघायला लागावं हे त्यांनी ठरवलं होतं का? त्यांना हे कुणी समजावलं होतं का? त्यांच्या डोक्यात अजूनही आपली 40 लाखांची एफडी आहे असंच असणार, कारण त्यांना "वळवून दिली" एवढंच कळलंय.

आणि ताई. ती त्याच बोटीवर असणार आहे. बाबांचे 40 लाख भावाच्या नावाने होतायत हे तिला माहीत आहे का? बाबांचे स्वतः कमावलेले पैसे आहेत, त्यांनी कुणालाही द्यावेत, पण ते त्यांनी द्यायचं ठरवून दिले पाहिजेत. बँकेने वयाची अट चुकवायला मुलाचं नाव घातलं आणि पैसे आपोआप एका मुलाकडे गेले, असं नाही चालत. अशा गोष्टींवरून बहीणभावांचं बोलणं बंद झालेली घरं मी कामात खूप बघतो आणि त्यात बऱ्याचदा कुणाचाच हेतू वाईट नसतो, फक्त कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं नसतं. तुम्ही ताईला निघायच्या आधी फोन करून सगळं सांगा, कागद दाखवा. 50 वर्षांच्या सोहळ्याला हे मनात ठेवून जाऊ नका.

मग आता करायचं काय.

फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायचे, 30 दिवस कधीच गेले, तो रस्ता बंद. पण दुसरा हप्ता भरायचा नाही. मला माहितीय तुमच्या मनात काय येईल, गेलेले 8 लाख बुडतील. सगळे बुडणार नाहीत. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाने एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल आणि पॉलिसीचं पहिलं वर्ष संपलं असेल तर स्पेशल सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावी लागते, आधी अशा वेळी हातात शून्य यायचं. नक्की किती ते कंपनीकडून लेखी मागा. समजा 4 ते 5 लाख आले आणि 3 ते 4 लाख गेले. आता उरलेल्या 32 लाखांकडे बघा, ते 8 च्या वर कमवू शकतात आणि तुम्ही ते 5 ला बांधायला निघालायत, फरक 3 टक्क्यांचा, पूर्ण रकमेवर वर्षाला जवळपास लाख रुपये. म्हणजे नुकसान तीन-चार वर्षांत भरून निघतं, बाबा 80 चे व्हायच्या आत, आणि मुद्दल पूर्ण वेळ त्यांच्या हाताशी. सरेंडर न करता पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू, ठेवायचा पर्यायही विचारा, त्यात पैसे आता मिळत नाहीत, पुढे थोडे थोडे येतात. मला तो पटत नाही, बाबांना पैसे आत्ता लागणार आहेत.

घाईत एक चूक करू नका. या पॉलिसीत तुमच्यावर 80 लाखांचं वगैरे कव्हर असेल, ते जाईल. तुम्ही 46 चे, मुलं शिकतायत. पॉलिसी बंद करायच्या आधी तुमच्या पगारातून साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूचं कव्हर देणारा विमा, घ्या, एक कोटीचा, आणि तो इश्यू झाल्यावरच पुढचं पाऊल. मेडिकलला वेळ लागतो म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. 2 ऑगस्टनंतर ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता उशिरा भरायची सवलत, असते, त्यामुळे थोडी जागा आहे.

तक्रारही करा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, बँकेला कॉपी, त्यात स्पष्ट लिहा की एफडीचा पर्याय म्हणून विकली, प्रीमियम 73 वर्षांच्या वडिलांच्या खात्यातून, टॅक्स-फ्री सांगितली. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण 8 लाख परत मिळतीलच असं धरून प्लॅनिंग मात्र करू नका, व्हेरिफिकेशनच्या फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणाला असाल आणि ते रेकॉर्डिंग त्यांच्याकडे असतं. तक्रार करायची असेल तर सरेंडरच्या फॉर्मवर सही करायची घाई नको, फक्त हप्ता थांबवा.

आईबाबांच्या हेल्थ इन्शुरन्सबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणजे तुमच्या कंपनीच्या ग्रुप कव्हरवर चाललं असणार. नोकरी गेली की ते कव्हर गेलं, आणि 46 व्या वर्षी आयटीत हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये इन्कमची अट न बघता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कव्हर मिळतं, दोघांची कार्डं काढा, आधारवर होतं. प्रायव्हेट पॉलिसीपण बघा, एप्रिल 2024 पासून कंपन्यांना 65 च्या वरच्यांसाठीही पॉलिसी ठेवावीच लागते, महाग पडेल, आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असेल, तरी कोटेशन मागवा.

शेवटचं आणि सगळ्यात अर्जंट. हप्ता बाबांच्या खात्यातून ऑटो डेबिटला असेल. तुम्ही जुलैअखेर परत येणार, थकलेले, कपडे धुवायचे, आणि 2 तारखेला 8 लाख कापले जाणार. ऑटो डेबिटसाठी बँकेला दिलेली परवानगी, म्हणजे मॅन्डेट, आजच नेटबँकिंगमधून कॅन्सल करा किंवा बाबांना घेऊन ब्रँचला जा, मॅडम भेटतील, समजावतील, चहा देतील, बसू नका, अर्ज देऊन पोच घ्या. सरेंडर व्हॅल्यूचं पत्र आलं की आकडा मला पाठवा, 30 लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये आणि उरलेले बाबांच्या नावावर कसे ठेवायचे ते त्यावरून ठरवू.