भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये एलईडीचे दिवे घरीच बनवता येतील का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये भिंती न फोडता एलईडीचे दिवे घरीच बनवता येतील का, आणि ते टिकतील का. बनवता नक्की येतात. टिकणं मात्र त्यांच्यातली उष्णता बाहेर पडते की नाही, यावर आहे.

आम्ही मानेवाड्याला वरच्या मजल्यावर राहतो. पहिल्या वर्षी मी एलईडी स्ट्रिप, म्हणजे बारीक दिवे बसवलेली चिकटपट्टी, घेतली आणि मागचा कागद सोलून ती सरळ प्लायच्या फळीखाली चिकटवली. मे महिना, बाहेर ४५ अंश, डोक्यावर तापलेला स्लॅब. पंधरा दिवसांत स्ट्रिप मधूनच लोंबायला लागली आणि तीन-तीन दिवे एकदम विझू लागले. १२ व्होल्टच्या साध्या स्ट्रिपमध्ये तीन एलईडी एका साखळीत असतात, एक सांधा उकलला की तिघंही जातात. म्हणून स्ट्रिप कापायची तीसुद्धा कात्रीच्या खुणेवरच.

एलईडी गार असतो, असं आपण ऐकत आलोय. त्याच्या उजेडाचा चटका बसत नाही हे खरं, पण चिपमध्ये उष्णता तयार होतेच आणि ती मागच्या बाजूने निघते. लाकूड ती वाहून नेत नाही, ॲल्युमिनियम नेतं. तेव्हा दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची चॅनल, म्हणजे स्ट्रिप आत बसेल अशी लांबट खाचेची पट्टी, घ्या, हॅकसॉने (धातू कापायच्या करवतीने) मापात कापा, आतून स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि मग स्ट्रिप चिकटवा. दुधी झाकणामुळे ठिपके दिसत नाहीत, सलग उजेडाची पट्टी दिसते. आमच्याकडे अशी चॅनल ओट्याच्या वर आहे. पूर्वी आई तांदूळ निवडायला ताट घेऊन खिडकीशी जायची, आता ओट्यावरच निवडते. तिथे ४००० केल्विनचा उजेड घ्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). झोपायच्या खोलीत ३०००चा पिवळसर बरा.

घरातली २३० व्होल्टची वीज १२ व्होल्टवर आणणाऱ्या अडॅप्टरचा हिशेब सोपा आहे. मीटरला ९.६ वॅटची स्ट्रिप असेल तर ५ मीटरला ४८ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर. अडॅप्टर ५ अँपिअरचा घ्या, नेमका ४चा घेऊन त्याला सतत पूर्ण ताणावर ठेवू नका. तो माळ्यावर गाद्यांमध्ये कोंबायचा नाही, उष्णतेने त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) लवकर मरतात. खाली, मोकळ्या हवेत ठेवा, पण कुलरच्या झोतात नको. आपल्याकडे चार महिने कुलर चालतो, त्या ओलसर हवेत माझे उघडे सांधे हिरवे पडले होते. डाग दिल्यावर (सोल्डरिंग केल्यावर) प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी, चढवाच. पूर्ण ५ मीटर एका टोकाकडून जोडली की दुसरं टोक मंद दिसतं, त्यासाठी दोन्ही टोकांना तार द्या.

आणि कळकळीने सांगतो, २३० व्होल्टला हात लावू नका. बंद डब्यातला तयार अडॅप्टर सॉकेटमध्ये लावायचा, आपलं काम १२ व्होल्टच्या बाजूला. थेट २३० व्होल्टवर चालणारी स्ट्रिप स्वस्त मिळते, पण हाताला लागेल अशा जागी ती मी कधीच लावणार नाही.

जेवायच्या जागेसाठी मी बुरडाकडून सैल विणीची बांबूची टोपली आणली, बुडाला भोक पाडून छताच्या होल्डरवरून उलटी टांगली आणि आत ५ वॅटचा पिवळसर बल्ब लावला. छतावर विणीची जाळी पडते, ताटावर स्वच्छ उजेड. वरचं भोक मोठं ठेवा, तापलेली हवा तिथूनच निघते.

सामान बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळून जाईल. स्ट्रिपचा रोल दुकानातच पूर्ण उलगडून लावून बघा, पहिला आणि शेवटचा दिवा शेजारी धरून रंग जुळतो का ते पाहा. गुंडाळलेला रोल मात्र फार वेळ चालू ठेवू देऊ नका, दोन-तीन मिनिटांत आतून तापतो.