शेवाळ पावडर चालू करताय? आधी हे वाचा

भाऊ, गाईला घालायला समुद्री शेवाळाची पावडर आणलीस ते ठीक, पण पहिल्याच दिवशी मूठभर टाकू नको. गाईच्या पोटातले जंतू नवीन खाद्याला जुळायला २-३ आठवडे घेतात, म्हणून पेंडीत चिमूटभर मिसळून सुरू कर आणि शेणावर लक्ष ठेव, पातळ झालं की बंद. पिशवीवर आयोडीन किती ते बघ, कारण मिनरल मिक्श्चरमधेही ते असतंच, आणि जास्तीचं सरळ दुधात उतरतं. किनाऱ्यावर वाहून आलेलं सारगॅसम (तपकिरी समुद्री शेवाळ) फुकटात मिळतं म्हणून उचलून घालू नको हां, त्यात मीठ, वाळू, आर्सेनिकसुद्धा असतं. गाईच्या ढेकरातून निघणारा मिथेन वायू कमी करणारं अ‍ॅस्परागॉप्सिस हे वेगळं लाल शेवाळ, काही दुकानदार ते आणि साधी शेवाळ पावडर एकच म्हणून खपवतात. आणि खरं सांगू, सुका चारा कमी, पेंड जास्त असेल तर कुठलीही पावडर पोट सुधारणार नाय.