सावली आपली, झाड कुणाचं?

प्रश्न : वकीलकाकू, नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात आम्ही दोघी जावा एकत्र राहतो. मुलगी यंदा दहावीला, तिला अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही. नागाळा पार्कात एका जुन्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके बघितलाय. खिडकीला लागूनच मोठा रेन ट्री आहे, भर दुपारीही घर गार. मला ते घर मनापासून आवडलंय. ह्यांचं म्हणणं, तेवढ्याच पैशात शहराबाहेर नवाकोरा फ्लॅट मिळतो. एजंट म्हणतो, दुसऱ्या मजल्यावर कुठलं पुराचं पाणी येतंय. घ्यावं का?

उत्तर : ताई, आधी त्या झाडाचा बुंधा कुणाच्या हद्दीत आहे ते बघून या. नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी इथली बरीचशी सावली जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडातली आहे. बंगलेवाल्यांची मुलं परगावी गेली की जागा डेव्हलपमेंटला जाते आणि खिडकीतला हिरवा रंग जाऊन समोर भिंत येते. झाड तुमच्याच आवारात किंवा रस्त्याकडेला असेल तर ते टिकण्याची आशा जास्त. अर्थात शेजाऱ्यालाही ते मनाला येईल तसं तोडता येत नाही. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 2021 च्या दुरुस्तीनं जास्तीचं संरक्षण दिलंय. परवानगीच्या अर्जावर हरकत घेण्याचा हक्क तुम्हालाही आहे, तो जरूर वापरा. ही झाडं लावणारी पिढी आता राहिलेली नाही. पुढं ती राखायची असतील तर तिथं राहायला येणाऱ्यांनीच राखली पाहिजेत.

आता पुराचं. एजंटचं बोलणं अर्धंच खरं आहे. पाणी दुसऱ्या मजल्यावर येणार नाही, पण पार्किंगमध्ये आलं की लिफ्ट बंद, वीज बंद, गाड्या गेल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ला नदी त्याच्या कितीतरी वर गेली होती. शिवाय पाणी नदीकाठाकडूनच येतं असं नाही, जयंती नाल्यातूनही ते वस्तीत मागं सरकतं. त्यामुळं 'नागाळा पार्क' एवढ्यावर काही ठरत नाही. रमणमळ्याकडं उतरणारी गल्ली वेगळी आणि वरची वेगळी.

इमारतीत गेल्यावर विजेचे मीटर कुठं आहेत बघा. जिन्याखालची मीटरची जुनी पाटी रिकामी आणि मीटर वर पहिल्या मजल्याच्या वळणावर बसवलेले दिसले, तर तिथं पाणी येऊन गेलंय असं समजा आणि स्पष्ट विचारा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही विचारा, त्याला काही विकायचं नसतं. मग महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ही मिळकत निळ्या रेषेत आहे की लाल, ते नकाशावर बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत जुनी आहे, उद्या पाडून बांधायची वेळ आली की याच रेषा आडव्या येतील.

कागद नेहमीचेच: प्रॉपर्टी कार्ड, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला. जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे मात्र विसरू नका. बिल्डरच्याच नावावर राहिली असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरशिवायही जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज केलाय का, ते सेक्रेटरींना विचारा.

पार्किंग कोरडं आणि कागद स्वच्छ असतील, तर तुमचे मिस्टर म्हणतात त्या नव्या फ्लॅटपेक्षा मी तुमच्या बाजूनं आहे. मुलीला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर महावीर उद्यान आहे, तेही कमी नाही. फक्त दर पावसाळ्याआधी गच्चीच्या पाइपांतला पाला काढायची जबाबदारी कुणाची, ते सोसायटीत आधीच विचारून घ्या. मोठ्या झाडाखालच्या इमारतींना गळती बहुतेक वेळा तिथूनच लागते.

प्रश्न : घर कुणाच्या नावावर घ्यावं? सासरे म्हणतात मुलाच्याच.

उत्तर : दागिने मोडून तुम्हीही पैसे घालणार असाल तर खरेदीपत्रात तुमचं नाव हवंच. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, दोघांची नावं घातली तर ती मिळत नाही. सासऱ्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. कर्ज काढणार असाल तर नावांचं बँकेशी आधी बोलून घ्या आणि मगच विसारपत्र करा.